गोडावर हक्क कुणाचा?

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात आनंदमेळ्याच्या दिवशी आम्ही चार मैत्रिणींनी मिळून एक लहानसा स्टॉल लावला होता. भेळ, मिसळ, वडापाव यांच्या गर्दीत आमच्या टेबलावर एकच पदार्थ होता. घरी केलेला चॉकलेटचा केक आणि त्यावर ओतलेले खारट-गोड कॅरमेल. दुपारी दोनच्या आत आमची ताटे रिकामी झाली. सरांनी आणि मॅडमनी कौतुक केले. पण जाता जाता आमच्याच महाविद्यालयातील एका ज्येष्ठ विद्यार्थिमित्राने मला बाजूला घेऊन विचारले, "ऊसतोड कामगाराची मुलगी ना तू? मग हे श्रीमंतांचे चोचले तुला कशाला हवेत?"

हा मित्र वक्तृत्व स्पर्धांत नेहमी बक्षीस मिळवतो. मला मात्र त्या वेळी उत्तर सुचले नाही. मी नुसती हसले आणि ताटे विसळायला नळावर गेले. ते वाक्य पुढे वर्षभर मनात घोळत राहिले. आज या अंकाच्या निमित्ताने उत्तर द्यावे असे वाटते. मित्रावर माझा राग नाही. त्याच्या बोलण्यामागे कष्टकऱ्यांविषयीची तळमळ होती हे मी जाणते. परंतु तळमळ खरी असली म्हणजे निष्कर्षही खरा असतोच, असे नाही.

प्रथम माझ्या घराविषयी सांगते. माझे आईवडील बीड जिल्ह्यातले. दसरा झाला की मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी ते पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यावर जातात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. उसाच्या फडावर नवराबायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. कारखान्याच्या आणि मुकादमाच्या हिशेबात दोन माणसे नसतातच, एक कोयता असतो. सातवीपर्यंत माझे अर्धे वर्ष त्या फडावर आणि अर्धे गावच्या शाळेत गेले. पुढे आजीने मला गावीच ठेवून घेतले, म्हणून मी आज या महाविद्यालयात आहे. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच.

आता थोडा हिशेब मांडते. शंभर किलो उसापासून साधारणपणे दहा-अकरा किलो साखर निघते. माझे आईवडील पहाटेपासून राबून दिवसाकाठी दोन टनांच्या आसपास ऊस तोडतात. म्हणजे त्यांच्या एका दिवसाच्या तोडीतून दोनशे किलोंहून अधिक साखर तयार होते. आमच्या घरी महिन्याला चार किलो साखर लागते, तीही मुख्यतः चहाला. याचा अर्थ असा की त्यांच्या एका दिवसाच्या कष्टात आमच्या घराची चार वर्षांची साखर निघते. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला. पुढे महाराष्ट्रात अशा कारखान्यांचे जाळे पसरले, खेड्यांत शाळा आल्या, दवाखाने आले. या साखरेने पुष्कळांचे संसार गोड केले. आणि ज्या हातांनी ऊस तोडला त्यांच्याच मुलीने दोन वाट्या साखरेचे कॅरमेल केले, तर ते चोचले! हा न्याय मला पटत नाही.

मित्राचे म्हणणे असे की, तू त्या घरची आहेस म्हणून तुला हे शोभत नाही. माझे म्हणणे बरोबर याच्या उलट आहे. मी त्या घरची आहे म्हणूनच माझा यावर हक्क आहे.

या पदार्थाची आणि माझी ओळख कशी झाली तेही सांगते, कारण माझे उत्तर त्यातच आहे. 'कमवा आणि शिका' योजनेत मी ग्रंथालयात काम करते. त्या पैशांतून थोडे बाजूला टाकून मी पहिल्या वर्षाच्या परीक्षेनंतर कोकोची पूड आणि लोण्याची एक वडी विकत घेतली आणि गावी गेले. पाककृती मोबाईलवर पाहिली होती. सांगणारी बाई अर्धी हिंदी आणि अर्धी इंग्रजी बोलत होती. "आता मिश्रण फोल्ड करा," असे ती म्हणाली तेव्हा मी बुचकळ्यात पडले. फोल्ड म्हणजे घडी घालणे, एवढे मला ठाऊक होते. पातळ मिश्रणाची घडी घालायची तरी कशी? पुढे कळले की उलथन्याने खालचे मिश्रण हलक्या हाताने वर आणायचे, म्हणजे त्यात धरलेली हवा निघून जात नाही. आमच्या पिढीला केवळ भाषेमुळे किती साध्या गोष्टी अवघड वाटतात!

केक मात्र पहिल्याच प्रयत्नात जमला. आमच्याकडे भट्टी नाही. जुन्या कुकरच्या तळाशी बोटभर मीठ पसरले, त्यावर जाळी ठेवली, झाकणाची रबरी कडी आणि शिटी काढून टाकली आणि रिकामा कुकर दहा मिनिटे तापू दिला. मैदा, कोको, साखर, दही, तेल, खाण्याचा सोडा आणि चमचाभर व्हिनेगर यांचे मिश्रण डब्यात घालून तो डबा आत ठेवला आणि मंद आचेवर पाऊण तास वाट पाहिली. सोडा आणि आंबट पदार्थ एकत्र आले की वायू सुटतो आणि तोच वायू केक फुगवतो. दहावीच्या विज्ञानात हे समीकरण मी पाठ केले होते. ते खरे असते, हे त्या दिवशी पहिल्यांदा पटले. विणायची सुई खुपसून पाहिली, ती कोरडी बाहेर आली.

फजिती झाली ती कॅरमेलची. कढईत साखर टाकली आणि घाबरून ती सारखी ढवळत बसले. साखर वितळण्याऐवजी तिचे गोळे झाले. म्हणून आच वाढवली. क्षणात कडा काळ्या पडल्या आणि घरभर धूर झाला. आई अंगणात पाचटाची केरसुणी बांधत होती. ती धावतच आत आली. "काय करायलीस गं? साखर जळायली की!"

ती पावशेर साखर वाया गेली. पावशेर साखर म्हणजे अडीच किलो ऊस, म्हणजे दोन-तीन कांड्या नव्हे, चांगले दोन-तीन अख्खे ऊस. आईने ते वाकून तोडले असतील, मोळीत बांधले असतील आणि ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवली असेल. मला रडू आले. आई मात्र रागावली नाही. तिने कढई घासून पुन्हा चुलीवर ठेवली आणि विचारले, "पाकच करायचाय ना? मग मला विचारायचं की."

माझी आई चौथी शिकलेली आहे. कॅरमेल हा शब्द तिने त्या दिवसापर्यंत ऐकलेला नव्हता. पण दर संक्रांतीला फडावरच्या कोपीत, तीन दगडांच्या चुलीवर ती तिळाची वडी करते. एकतारी पाक कोणता, दोनतारी कोणता, गोळीबंद कोणता, हे तिला बोटांच्या चिमटीत कळते. गार पाण्यात पाकाचा थेंब टाकून त्याची गोळी वळते की काडीसारखी मोडते, ते ती पाहते. तिने मला सांगितले, "ढवळू नको. कढईच हलव. थोडी विरघळली की मग बाकीची टाक. आणि नजर काढू नको, साखरेला एकटं सोडायचं नसतं." साखर मधाच्या रंगाची झाली, मग वाळल्या पिंपळपानाच्या रंगाची झाली. मी अजून थांबणार होते, पण वास येताच तिने कढई खाली उतरवली. "आता खाली घेतली तरी ती शिजायलीच की," ती म्हणाली.

नंतर पुस्तकात वाचले तेव्हा कळले की आईचा शब्दन् शब्द बरोबर होता. पाकातले पाणी जसजसे आटते तसतसे त्याचे तापमान शंभर अंशांच्या वर चढत जाते. गोळी वळते तेव्हा ते एकशे पंधरा ते वीस अंशांच्या आसपास असते. सगळे पाणी गेले आणि तापमान एकशे साठ अंशांच्या पुढे गेले की साखरेचे रेणू तुटून नवनवे पदार्थ तयार होऊ लागतात. तो तांबूस रंग, तो खमंग वास आणि ती किंचित कडसर चव त्यांचीच. आणखी वीस अंश चढले की तीच साखर कोळशाच्या वाटेला लागते. ढवळल्याने साखरेचे कण पुन्हा एकमेकांना धरून बसतात, म्हणून गोळे होतात. थोडा लिंबाचा रस घातला तर ते धरत नाहीत. जड बुडाची कढई उतरवल्यावरही आतली उष्णता काम करीतच असते, म्हणून थोडे आधी उतरवायचे. परदेशातील मिठाईवाले पाकाच्या याच पायऱ्या तार, गोळी आणि काडी अशाच नावांनी ओळखतात. याचा अर्थ असा की कॅरमेल ही काही आकाशातून पडलेली विलायती विद्या नाही. माझ्या आईच्या पाकाच्या जिन्यावरची ती शेवटची पायरी आहे. एवढेच की ती पायरी चढण्याइतकी साखर आणि सवड तिला कधी मिळाली नव्हती.

त्या तांबूस पाकात कोमट केलेली साय आणि लोणी घातले. साय गार असती तर पाक दगडासारखा आळला असता आणि अंगावर उडालाही असता. शेवटी दोन चिमूट मीठ घातले. गोडात मीठ कशाला, असे आजीने विचारले. मीठ घातल्याने गोड बोचत नाही आणि कडसरपणा मवाळ होतो, हे खरेच. पण या मिठालाही इतिहास आहे. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात मिठावरचा कर लागू नव्हता. बाकीच्या देशात लोक त्या कराने गांजले होते, तेव्हा ब्रिटनीत सामान्य शेतकरीसुद्धा लोण्यात सढळ हाताने मीठ घालीत असे. त्याच खारट लोण्याचे कॅरमेल १९७७ साली आंरी ले रू नावाच्या हलवायाने किबरों गावच्या आपल्या दुकानात केले आणि पुढे ते जगभर गेले. मिठावरचा कर म्हटले की आपल्याला १९३० ची दांडीयात्रा आणि कोकणातला शिरोड्याचा सत्याग्रह आठवतो. मीठ गरिबाच्या पानात येते की नाही, हा प्रश्न दोन्हीकडे होता. आज श्रीमंती समजल्या जाणाऱ्या या पदार्थाचे मूळ गरिबाच्या लोण्यात आहे, हे माझ्या मित्राने लक्षात घ्यावे.

आता चॉकलेटविषयी. ते परदेशी आहे, यात शंका नाही. कोकोचे झाड मूळचे दक्षिण अमेरिकेतले. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतील माया आणि ॲझ्टेक लोक त्याच्या बियांचे कडवट पेय पीत आणि बिया नाण्यांसारख्या वापरीत. सोळाव्या शतकात स्पॅनिशांनी ते युरोपात नेले. तेथे त्यात साखर पडली. चघळण्याची वडी तर १८४७ साली इंग्लंडात ब्रिस्टल येथे तयार झाली. परंतु परदेशीपणाचा आक्षेप घ्यायचा तर मिरचीवरही घ्यावा लागेल. तीही अमेरिकेतलीच आणि पोर्तुगीजांबरोबर इकडे आलेली. मिरचीच्या ठेच्याशिवाय मराठवाड्यातली भाकरी पुढे सरकत नाही! आज केरळ, कर्नाटक, आंध्र आणि तामिळनाडूत नारळी-पोफळीच्या सावलीत कोको पिकतो. तेव्हा तो आता तितका परकाही राहिलेला नाही.

कोकोविषयी वाचताना एका गोष्टीने मात्र मला धरून ठेवले. कोकोची फळे फांदीच्या टोकाला लागत नाहीत, थेट खोडाला लागतात. ती कोयत्याने तोडतात आणि कोयत्यानेच फोडतात. आत पांढऱ्या गोडसर गरात तीस-चाळीस बिया असतात. त्या पाच-सात दिवस आंबवून उन्हात वाळवतात, तेव्हा कोठे चॉकलेटच्या चवीचा पाया तयार होतो. जगातला निम्म्याहून अधिक कोको पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. तेथील कित्येक शेतकऱ्यांनी चॉकलेट कधी चाखलेलेही नसते. शाळेच्या वयाची मुलेसुद्धा तेथे कोयता चालवतात. २००१ साली चॉकलेटच्या मोठमोठ्या उद्योगांनी करार करून बालमजुरीचे अतिवाईट प्रकार २००५ पर्यंत थांबवण्याचे वचन दिले होते. मुदती वाढत गेल्या, पण प्रश्न संपला नाही. २०२४ साली जगाच्या बाजारात कोकोचा भाव टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेला, तेव्हा चॉकलेट महागल्याच्या बातम्या आल्या. त्या मुलांच्या बातम्या शोधूनच वाचाव्या लागल्या.

मी हे वाचले तेव्हा मला फडावरची मी आठवले. धाकट्या भावाला कडेवर घेऊन वाढे गोळा करणारी. माझ्या केकात एका बाजूने आईच्या कोयत्याची साखर आली होती आणि दुसऱ्या बाजूने न पाहिलेल्या कुणाच्या तरी कोयत्याचा कोको आला होता. केक मी घरी केला नसता, तर ही गोष्ट माझ्या ध्यानात आली असती का? दुकानातल्या काचेआडचा केक आपल्याला काहीच सांगत नाही. हाताने करायला लागले की माणूस विचारू लागतो. ही साखर कुठली? ही पूड कशाची? ही वडी एवढी स्वस्त कशी? असे विचारता विचारताच मला कळले की केकवाल्यांकडे 'कंपाउंड' नावाने जी लादी मिळते तिच्यात कोकोचे लोणी नसते, त्याऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते. कोकोचे लोणी अंगाच्या उष्णतेपेक्षा थोड्या कमी उष्णतेवर वितळते, म्हणून खरे चॉकलेट जिभेवर ठेवताच विरते. लादीचा मात्र मेणासारखा थर टाळ्याला चिकटून राहतो. वेष्टणावरची बारीक अक्षरे वाचण्याची सवय मला अर्थशास्त्राच्या तासाने लावली नाही, या केकने लावली.

माझ्या मताविरुद्ध जे बोलले जाईल त्याचाही विचार करायला हवा. कुणी म्हणेल, साखर आरोग्याला वाईट. हे मला मान्य आहे. आमच्या गल्लीतच मधुमेहाचे तीन रुग्ण आहेत आणि म्हणूनच हा पदार्थ रोजचा नव्हे. पुरणपोळीही आपण रोज करीत नाही. वर्षातून दोन-तीनदा, स्वतः राबून आणि दहा जणांत वाटून खाल्लेला तुकडा रोजच्या चार कप गोड चहापेक्षा निश्चितच कमी घातक आहे. कुणी म्हणेल, खर्चाचे काय? मला त्या केकला सगळे मिळून दोनशे रुपयांच्या आत खर्च आला आणि बारा माणसांनी तो खाल्ला. आणखी कुणी म्हणेल, जगात एवढी उपासमार असताना चॉकलेटचे कौतुक कशाला? हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. माझे उत्तर एवढेच, की गरिबाच्या पोटाला भाकरी हवीच, पण त्याच्या जिभेला आवड नसते असे कुणी ठरवले? त्याच्यासाठी भाकरीपर्यंतच मागायचे आणि गोड आपल्यासाठी राखून ठेवायचे, ही दया झाली. समता नव्हे. आमच्या मित्राच्या खिशात मी अनेकदा चॉकलेटची वडी पाहिली आहे. तिला तो चोचले म्हणत नाही!

अर्थात केक केल्याने आईचा कोयता हलका होणार नाही, हे मी जाणते. तोडणीची मजुरी, उचलीचा फास, फडावरच्या मुलांची शाळा हे प्रश्न केकने सुटणारे नाहीत. त्यासाठी संघटना लागते, कायदा लागतो, आमच्यासारख्या शिकलेल्यांनी परत जाऊन बोलावे लागते. परंतु ज्याला स्वतःच्या सुखाचाच संकोच वाटतो, तो हक्काची मागणी तरी ताठ मानेने कशी करणार?

त्या दिवशी संध्याकाळी केक कापला. पहिला तुकडा आईला दिला. तिने तो आधी हुंगला, मग थोडा तोंडात घातला आणि बराच वेळ काही बोलली नाही. शेवटी म्हणाली, "जरासं कडू लागतंय, पण बरं लागायलंय." मग तिने उरलेल्या केकचे बारीक बारीक तुकडे केले आणि ताटली पदराखाली झाकून टोळीतल्या शेजारणींकडे निघाली. परत आली तेव्हा ताटली रिकामी होती आणि चार बायका मागोमाग आल्या होत्या. त्यांना पाक कसा केला ते पाहायचे होते. आईने पदर खोचला आणि कढई पुन्हा चुलीवर ठेवली. मी बाजूला उभी राहून पाहत होते. माझ्या पाककृतीतली ती शिक्षिका झाली होती.

यंदाच्या आनंदमेळ्यात आमचा स्टॉल पुन्हा लागणार आहे. तोडणीचा हंगाम असल्याने आई येऊ शकणार नाही, पण पाक तिच्याच पद्धतीने होईल. आमच्या त्या ज्येष्ठ मित्राला याद्वारे आग्रहाचे निमंत्रण देते. त्याने यावे, तुकडा खावा आणि मग पुन्हा विचारावे. या वेळी उत्तर देऊनच मी ताटे विसळायला जाईन.